विश्लेषण : कमाई परदेशात, कटकट भारतात! अनिवासींना कर जड नाही, कराची व्यवस्था जड आहे

‘बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही’ ही २०२५ च्या अर्थसंकल्पातील घोषणा घराघरांत पोहोचली. ही सवलत अनिवासी भारतीयांना लागू नाही, ही दुसरी ओळ मात्र फारशी कुणी वाचली नाही. बारा लाखांची करमुक्ती ही प्रत्यक्षात करातील सूट आहे आणि कायद्याने ती फक्त निवासी करदात्यांना दिली आहे.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. दुबईत नोकरी करणाऱ्या एका व्यक्तीच्या भारतातील एनआरओ ठेवींवर वर्षाला सहा लाख रुपये व्याज मिळते. भारतात तिचे दुसरे उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या दोन लाखांवर पाच टक्के. उपकरासह कर होतो १०,४०० रुपये. बँक मात्र व्याज देतानाच ३१.२ टक्के टीडीएस कापते, म्हणजे १,८७,२०० रुपये. उरलेले १,७६,८०० रुपये परत हवे असतील तर विवरणपत्र भरायचे आणि परताव्याची वाट पाहायची. हेच व्याज नाशिकमध्ये राहणाऱ्या भावाला मिळाले असते तर त्याचा कर शून्य असता.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होता. केरळ १९.७ टक्क्यांसह दुसऱ्या क्रमांकावर होते. आखातातील परिचारिका, कोकणातून जहाजावर जाणारे खलाशी, जर्मनी-अमेरिकेतील अभियंते अशा सगळ्यांचा हा पैसा आहे. त्यांच्यावरील कराचे मूळ तत्त्व योग्य आहे, पण त्याची अंमलबजावणी लहान माणसाच्या गळ्यात अडकते.

कर पासपोर्टवर की मुक्कामावर?

भारतात प्राप्तिकर नागरिकत्वावर नाही, निवासावर ठरतो. भारतीय पासपोर्ट असूनही एखादी व्यक्ती करासाठी ‘अनिवासी’ असू शकते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोव्याचा माणूस वर्षभर मडगावात राहिला तर तो करासाठी ‘निवासी’ ठरू शकतो.

निवासी व्यक्तीला जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. अनिवासी व्यक्तीला फक्त भारतात मिळालेल्या किंवा भारतात निर्माण झालेल्या उत्पन्नावर लागतो. उदाहरणार्थ भाडे, एनआरओ खात्यावरील व्याज, शेअर किंवा घर विकून झालेला नफा. परदेशात काम करून परदेशात मिळालेला पगार यात येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरा दर्जा आहे, ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’, म्हणजे आरएनओआर. ही व्यक्ती निवासी गणली जाते, पण तिच्या परदेशी उत्पन्नाला साधारणपणे भारतात कर लागत नाही. भारतातून चालवल्या जाणाऱ्या व्यवसायाचे उत्पन्न हा त्यातला अपवाद.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा प्राप्तिकर कायदा घेत आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘करवर्ष’ हा सोपा शब्द आला, पण निवासाचे मूळ नियम तेच राहिले आहेत.

१८२ दिवसांचे गणित काय?

१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. दुसरी कसोटीही आहे. त्या वर्षात किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात असल्यासही व्यक्ती निवासी होते.

ही ६० दिवसांची अट कडक आहे, म्हणून भारतीय नागरिकांना त्यात सूट आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला आणि भारतीय जहाजावरील कर्मचाऱ्याला सोडून जाण्याच्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवस मोजले जातात. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या भारतीय नागरिकालाही हीच सवलत मिळते, पण तिला २०२० पासून एक मर्यादा आहे. ती पुढे पाहू.

दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरणे सुरक्षित. अनेक विमानतळांवर आता ई-गेटमुळे पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. त्यामुळे तिकिटे आणि बोर्डिंग पास जपून ठेवणे हाच पुरावा ठरतो.

एका दिवसाने किती फरक पडतो?

समजा, कोल्हापूरच्या एका अभियंत्याला २०२५ मध्ये दुबईत नोकरी लागली. एप्रिल ते सप्टेंबर भारतातील पगार सहा लाख आणि पुढील सहा महिन्यांचा दुबईचा पगार पंधरा लाख रुपये.

तो २८ सप्टेंबरला विमानात बसला तर भारतातील दिवस होतात १८१. तो अनिवासी ठरतो आणि फक्त भारतातील सहा लाखांवर कर लागतो. ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून नव्या प्रणालीत कर होतो ६,५०० रुपये.

तेच तिकीट २९ सप्टेंबरचे असेल तर दिवस होतात १८२. तो निवासी ठरतो आणि आजवर भारतातच राहिलेला असल्याने आरएनओआरचे कवचही मिळत नाही. एकूण २१ लाखांवर कर लागतो आणि तो होतो २,१४,५०० रुपये. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथे भरलेल्या कराची वजावटही मागता येत नाही.

एका दिवसासाठी दोन लाख आठ हजार रुपये. नोकरी देणारी कंपनी, व्हिसा एजंट किंवा तिकीट काढून देणारा यांपैकी कुणीही हे सांगत नाही. कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मान्य. पण इतकी महागडी रेघ किमान दिसायला तरी हवी.

१२० दिवसांची अट कोणासाठी?

भारतातील उत्पन्न १५ लाखांहून जास्त असलेल्या आणि भेटीसाठी येणाऱ्या भारतीय नागरिकाला १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा आहे. १२० किंवा जास्त दिवस राहिल्यास आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरत असल्यास तो निवासी ठरतो, पण आरएनओआर म्हणून. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांनाही हाच नियम आहे.

दुसरी तरतूद ‘मानीव निवासी’ची आहे. भारतीय नागरिकाचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून जास्त असेल आणि तो कोणत्याच देशात करपात्र नसेल, तर एकही दिवस इथे न राहता तो निवासी मानला जातो. २०२० मध्ये ही तरतूद जाहीर झाली तेव्हा आखातात खळबळ उडाली होती. तेथे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्या पगारावर कर लावण्याचा हेतू नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाला लगेच करावा लागला. अंतिम कायद्यात अशा व्यक्तीला आरएनओआरचाच दर्जा दिला गेला, त्यामुळे दुबईचा पगार सुरक्षित राहिला.

परदेशातून पाठवलेल्या पैशांवर कर लागतो का?

अनिवासी व्यक्तीने परदेशातील पगार एनआरई खात्यात पाठवला म्हणून भारतात कर लागत नाही. आई-वडील, पत्नी किंवा भावंडांना पाठवलेली रक्कमही नातेवाइकांमधील भेट म्हणून घेणाऱ्याच्या हातात करमुक्त असते. एनआरई आणि एफसीएनआर ठेवींचे व्याजही अनिवासी असेपर्यंत करमुक्त आहे.

खलाशांचा प्रश्न थोडा वेगळा होता. परदेशी जहाजावरील पगार थेट भारतातील एनआरई खात्यात जमा झाला, तर तो ‘भारतात मिळाला’ असे म्हणून कर लावला जात होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये परिपत्रक काढून हा गोंधळ मिटवला. अनिवासी खलाशाने भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ एनआरई खात्यात आला म्हणून करपात्र होत नाही. कायदा न बदलता, एका परिपत्रकाने कुटुंबांचा घोर कसा मिटतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अमेरिकेच्या ‘रेमिटन्स टॅक्स’चीही भीती पसरली होती. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला हा कर एक टक्का आहे आणि तो रोख, मनीऑर्डर किंवा तत्सम मार्गाने पैसे पाठवल्यास लागतो. अमेरिकेतील बँक खात्यातून किंवा तिथल्या कार्डाने पाठवलेल्या रकमेवर तो नाही.

भाडे आणि घरविक्रीत कोंडी कुठे होते?

खरी अडचण इथे सुरू होते. हिंजवडी किंवा खराडीतील फ्लॅटचा मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. मालक निवासी असेल तर महिना ५० हजारांपेक्षा जास्त भाडे असल्यासच दोन टक्के. बहुतेक भाडेकरूंना हा फरक माहीत नसतो. कर कापला नाही तर वसुली मात्र भाडेकरूकडूनही होऊ शकते. आयटीत नोकरी करणारा पंचविशीतला मुलगा घरमालकाचा करवसुली अधिकारी होतो, तोही नकळत.

घरविक्रीत आकडे मोठे होतात. निवासी व्यक्तीने ७५ लाखांना घर विकले तर खरेदीदार एक टक्का, म्हणजे ७५ हजार रुपये कापतो. विक्रेता अनिवासी असेल तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर, ५० लाखांवरील रकमेमुळे दहा टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर धरून दर १४.३ टक्के होतो. खरेदीदार सहसा तो नफ्यावर नाही, संपूर्ण किमतीवर लावतो, कारण नफा किती हे ठरवण्याची जोखीम त्याला नको असते. म्हणजे १०,७२,५०० रुपये अडकले.

नफ्यापुरताच कर कापला जावा म्हणून प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र घेता येते. त्याला वेळ लागतो आणि खरेदीदार तेवढे थांबायला तयार नसतो. शिवाय खरेदीदाराला आयुष्यात एकदाच लागणारा टॅन क्रमांक काढावा लागत होता. ‘विक्रेता एनआरआय आहे’ म्हटले की अनेक खरेदीदार मागे फिरतात किंवा भाव पाडून मागतात, त्यामागे हे कारण आहे.

२०२६ च्या अर्थसंकल्पात टॅनची ही अट काढून खरेदीदाराच्या पॅनवरच कर भरण्याची सोय प्रस्तावित झाली. हे स्वागतार्ह आहे. पण यातून खरेदीदाराचा एक फॉर्म वाचतो, विक्रेत्याचे अडकणारे दहा लाख वाचत नाहीत.

इंडेक्सेशनचा भेदभाव कशासाठी?

जुलै २०२४ मध्ये सरकारने घरविक्रीवरील कराचा दर २० वरून १२.५ टक्के केला आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची इंडेक्सेशनची सोय काढली. ओरड झाल्यावर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी पर्याय दिला : १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, जो कर कमी तो भरा. हा पर्याय फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना मिळाला. अनिवासी वगळले गेले.

दोन भावांचे उदाहरण घेऊ. दोघांनी २०१०-११ मध्ये एकाच इमारतीत ३० लाखांना फ्लॅट घेतले आणि २०२५-२६ मध्ये ७५ लाखांना विकले. महागाई निर्देशांक तेव्हा १६७ होता, आता ३७६ आहे. पुण्यात राहणाऱ्या भावाची वाढीव खरेदी किंमत होते सुमारे ६७.५४ लाख. नफा साधारण ७.४६ लाख आणि उपकरासह कर सुमारे १.५५ लाख. मस्कतमध्ये राहणाऱ्या भावाचा नफा ४५ लाख धरला जातो आणि कर होतो ५.८५ लाख.

घर, गल्ली, महागाई सगळे तेच, तरी ४.३० लाखांचा फरक. मस्कतच्या भावाला दुसरे घर घेऊन किंवा ठरावीक रोख्यांत गुंतवून कर वाचवता येतो, हे खरे. पण मुलीच्या लग्नासाठी किंवा वडिलांच्या उपचारासाठी घर विकणाऱ्याला त्या सवलतीचा उपयोग नाही.

बारा लाखांची सूट अनिवासींना न देण्यामागे तर्क आहे. त्यांचे परदेशातील उत्पन्न भारतात मोजले जात नाही, मग ते ‘कमी उत्पन्नाचे’ आहेत हे ठरवायचे कसे? हा मुद्दा पटण्यासारखा आहे. इंडेक्सेशनला तो लागू होत नाही. महागाई घराच्या किमतीला लागते आणि घर भारतातच आहे. मालक कुठे राहतो याने सिमेंटचा भाव बदलत नाही.

दुहेरी करापासून सुटका कशी?

भारताचे ९० हून अधिक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागत असेल, तर एकतर एक देश हक्क सोडतो किंवा एका देशात भरलेला कर दुसऱ्या देशात वजा मिळतो. त्यासाठी ज्या देशात राहता तेथील कर निवास प्रमाणपत्र लागते. भारतात निवासी असाल आणि परदेशात कर भरला असेल, तर वजावटीसाठी वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. जुन्या कायद्यात तो फॉर्म ६७ होता. केवळ फॉर्मला उशीर झाला म्हणून भरलेल्या कराची वजावट नाकारली गेल्याची आणि वाद न्यायाधिकरणापर्यंत गेल्याची प्रकरणे अनेक आहेत.

पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षा वर्गणीकडे तर कुणाचे लक्षच नसते. जर्मनी, बेल्जियम, स्वित्झर्लंड अशा देशांशी भारताचे करार आहेत. भारतातील कंपनीने तेथे पाठवलेला कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र दाखवून तिथली वर्गणी वाचवू शकतो. ब्रिटनशी २०२५ मध्ये मुक्त व्यापार करार करताना अशाच तीन वर्षांच्या सवलतीवर सहमती झाली. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते. त्याआधी परतणाऱ्या एच-१बी कर्मचाऱ्याचे पैसे बहुधा तिथेच राहतात.

अमेरिकी नागरिकत्व असेल तर?

अमेरिकेचा हिशोब उलटा आहे. तिथे कर नागरिकत्वावर आहे. ग्रीन कार्ड घेतलेली व्यक्ती किंवा अमेरिकेत जन्मलेला मुलगा पुण्यात राहून कमावत असला, तरी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असल्यास त्याला अमेरिकेत विवरणपत्र भरावेच लागते.

सवलतीही आहेत. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात राहिल्यास २०२५ या वर्षासाठी १,३०,००० डॉलरपर्यंतची परदेशातील कमाई वगळता येते. किंवा भारतात भरलेला कर वजा मागता येतो. मात्र परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याज अमेरिका करमुक्त मानत नाही आणि भारतीय म्युच्युअल फंडांना तिथे वेगळे, कडक नियम लागतात. आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावे सुरू केलेली एसआयपी अशी डोकेदुखी होते.

या तुलनेत भारताचे निवासावर आधारलेले तत्त्व कितीतरी न्याय्य आहे, म्हणूनच त्याची अंमलबजावणीही तितकीच न्याय्य असायला हवी.

परत आल्यावर धोका कुठे?

कायमचे परतणाऱ्याला आरएनओआर दर्जा श्वास घ्यायला वेळ देतो. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असल्यास किंवा आधीच्या सात वर्षांत ७२९ पेक्षा जास्त दिवस भारतात नसल्यास हा दर्जा मिळतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो साधारण दोन-तीन वर्षे टिकतो. परदेशातील शेअर, ठेवी विकून हिशोब नीट लावायचा तो हाच काळ. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातील निवृत्ती खात्यांसाठी आणखी एक चांगली सोय आहे : तिथे पैसे काढले जातील त्या वर्षी भारतात कर, असा पर्याय निवडता येतो.

बँकेचे नियम मात्र वेगळे आहेत. परकीय चलन कायद्याने कायमचे परतल्या दिवसापासून व्यक्ती निवासी होते. एनआरई खाते बदलून घ्यावे लागते आणि त्यापुढचे व्याज करपात्र होते. करासाठी अनिवासी आणि बँकेसाठी निवासी, असे एकाच वर्षात घडू शकते.

सर्वात मोठा खड्डा पुढे आहे. सामान्य निवासी झाल्यावर विवरणपत्रात सर्व परदेशी मालमत्ता दाखवावी लागते, त्यातून उत्पन्न नसले तरी. जुन्या कंपनीचे पडून असलेले शेअर, विद्यार्थिदशेतले बँक खाते, सगळे. न दाखवल्यास काळा पैसा प्रतिबंधक कायद्यात वर्षाला दहा लाख रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून वगळले गेले. त्याआधी ही सूट फक्त पाच लाखांपर्यंतच्या बँक खात्यांना होती.

माहिती लपून राहील, ही आशा सोडलेली बरी. शंभराहून अधिक देश बँक खात्यांची माहिती एकमेकांना देतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२४ मध्ये या माहितीच्या आधारे करदात्यांना संदेश पाठवले. त्यानंतर २४,६७८ जणांनी विवरणपत्रे तपासून २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता जाहीर केली. एका साध्या संदेशाने झालेले हे काम आहे. बहुतेकांना लपवायचे नव्हते, त्यांना माहीत नव्हते, असाच याचा अर्थ लावावा लागतो. २०२६ च्या अर्थसंकल्पात विद्यार्थी, तरुण नोकरदार आणि परतलेले अनिवासी अशा छोट्या करदात्यांसाठी सहा महिन्यांची एकवेळची संधी प्रस्तावित झाली, तीही सरकारला हे उमगल्याची खूण आहे.

सरकारची बाजू काय?

अनिवासी व्यक्ती घर विकून पैसे परदेशात घेऊन गेली की तिच्याकडून कर वसूल करणे अवघड असते. म्हणून आधीच जास्त कापून ठेवायचे, हा जुना विचार. तो ज्या काळात केला गेला तेव्हा कागदी फाइल हाच एकमेव दुवा होता. आज पॅन, आधार, नोंदणी कार्यालय, बँक आणि विमानतळ सगळे संगणकावर आहेत. एनआरओ खात्यातून पैसे बाहेर पाठवताना कराची माहिती द्यावीच लागते आणि सीएचे प्रमाणपत्रही बहुधा लागते. दारावर पहारेकरी असताना घरातल्या प्रत्येकाचे खिसे आधीच रिकामे करून घेण्याची गरज नाही.

काय बदलायला हवे?

पहिले, घरविक्रीवरचा टीडीएस नफ्यावर कापला जावा. खरेदीची नोंद, मुद्रांक शुल्क आणि निर्देशांक सरकारकडेच आहेत. छोट्या करदात्यांना कमी कपातीचे प्रमाणपत्र नियमांच्या आधारे आपोआप देण्याची कल्पना २०२६ च्या अर्थसंकल्पात आली आहे. ती एक घर विकणाऱ्या अनिवासीपर्यंत पोहोचली तरच तिला अर्थ आहे.

दुसरे, २३ जुलै २०२४ पूर्वीच्या घरांसाठी इंडेक्सेशनचा पर्याय अनिवासींनाही मिळावा.

तिसरे, प्राप्तिकर पोर्टलवर प्रत्येकाला आपले भारतातील दिवस दिसावेत. येण्या-जाण्याची नोंद सरकारकडे असते, बँक व्याज आणि शेअर व्यवहार वार्षिक माहिती विवरणात आधीच दिसतात. मग दिवसच तेवढे करदात्याने शिक्क्यांवरून का मोजायचे?

चौथे, एनआरओ व्याज आणि भाड्यावर थेट ३१.२ टक्क्यांऐवजी, कमी उत्पन्न असलेल्यांना स्वयंघोषणेवर कमी दराने कपातीची सोय मिळावी. निवासी ज्येष्ठांना अशी सोय आहे. मस्कतमध्ये मुलाकडे राहणाऱ्या, भारतात फक्त ठेवी असलेल्या आजींना ती नाही.

यात करमाफी कुठेही मागितलेली नाही. जेवढा कर लागतो तेवढाच कापा, एवढेच म्हणणे आहे.

तोपर्यंत काय करावे?

जाण्याचे किंवा परतण्याचे तिकीट काढण्यापूर्वी १ एप्रिलपासूनचे दिवस मोजा. बाहेर गेल्यावर बचत खाते एनआरओमध्ये बदला. घर विकायचे असेल तर कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज आधी आणि करारनामा नंतर. घर भाड्याने घेताना मालक कुठे राहतो हे विचारा आणि करारात लिहून घ्या. भारतात टीडीएस कापला गेला असेल तर उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरा, परतावा दुसऱ्या मार्गाने मिळत नाही. परतल्यावर परदेशातील प्रत्येक खात्याची यादी करा, शिल्लक शून्य असली तरी.

वरील उदाहरणांत दर आणि अधिभार सामान्य स्थितीतील आहेत. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी सीएचा सल्ला घेणे आवश्यक आहे. तो घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी मात्र नियमच सोपे असायला हवेत.